आधी फुगा की आधी गाठ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६९ वर्षांचे. तीन महिने शौचावाटे रक्त जात होतं, मूळव्याध समजून औषधं चालली. शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूच्या खालच्या वळणावर, गाठ निघाली. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा. कॅन्सर कुठे पसरलाय का हे बघायला सीटी काढला, तर यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ, पण पोटातल्या महाधमनीला ६.१ सेंटिमीटरचा फुगा. कॅन्सरचे सर्जन म्हणतात आधी आतडं. व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांचे, सर्जन म्हणतात आधी फुगा. ओळखीतले तिसरे डॉक्टर म्हणाले, एकदाच पोट उघडा आणि दोन्ही उरकून घ्या. बाबांना स्वतःला काहीच दुखत नाही; ते म्हणतात काहीच नको. मुलगा विचारतोय, ऐकू कोणाचं?

मी पोटाचा सर्जन आहे, तीसेक वर्षं आतड्याच्या कॅन्सरचीच ऑपरेशनं करतोय. त्यामुळे माझं मत पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने पडेल असं वाटणं साहजिक आहे. पण दिलेल्या माहितीवरून मी व्हॅस्क्युलर सर्जनच्या बाजूचा आहे: आधी फुगा, तोही जांघेतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे तारेच्या जाळीची कृत्रिम नळी, बसवून, आणि साधारण दोन आठवड्यांनी आतडं. फुगा साडेचार सेंटिमीटरचा असता, किंवा गाठीने आतडं बंद करत आणलं असतं, तर मी उलट सांगितलं असतं. म्हणजे तिघांपैकी कोणी अडाणी नाही. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा रुग्ण आहे, एवढंच.

आधी आकड्यांचं बघू. महाधमनी पोटात साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. तीनच्या वर गेली की तिला फुगा म्हणतात, आणि पुरुषांत ५.५, स्त्रियांत ५ सेंटिमीटरला दुरुस्तीचा विचार सुरू होतो. त्याखालचा फुगा नुसता लक्ष ठेवून सांभाळला तरी चालतं, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिलंय. लक्ष ठेवलेल्यांमध्ये फुगा फुटण्याचं प्रमाण वर्षाला एक टक्का किंवा त्याहून कमी होतं. मोठे फुगे मात्र वेगळे वागतात. ऑपरेशन झेपणार नाही म्हणून किंवा नको म्हणून तसेच राहिलेल्या रुग्णांची एक अमेरिकन पाहणी २००२ साली आली. तिच्यात ६ ते ७ सेंटिमीटरच्या गटात वर्षभरात फुटण्याची शक्यता १० टक्क्यांच्या आसपास आणि ७ च्या पुढे ३० टक्क्यांच्या वर होती. आणि फुटलेला फुगा म्हणजे काय, तर निम्मे लोक हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा. वर्षाला १० टक्के म्हणजे आठवड्याला जेमतेम ०.२ टक्के. 'पोटात टाइमबॉम्ब आहे' असं कोणी सांगितलं असेल तर ते वाक्य विसरा. त्याने बाबांची झोप उडण्यापलीकडे काही होणार नाही. दोन-तीन आठवडे नीट तपासण्या करायला, दोन्ही सर्जनना एकत्र बसवायला, पैशांची जुळवाजुळव करायला वेळ आहे. गाठीचंही तसंच. आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा छोट्या कोंबापासून दहाएक वर्षांत तयार होतो. अडथळा नसेल, रक्तस्राव आटोक्यात असेल, तर काही आठवड्यांनी त्याचं भवितव्य बदलत नाही.

मग हातात वेळ आहे तर आधी आतडं का नको? वर्षानुवर्षं मीही हेच करायचो. कॅन्सर महत्त्वाचा, तो आधी काढा, फुगा नंतर बघू. अडचण ऑपरेशनच्या दिवशी येत नाही, पुढे येते. २००० च्या सुमाराच्या एका रुग्णाचं सांगतो. सिग्मॉइडचीच गाठ, फुगा साडेसहाचा. आतडं काढलं, जोडलं, पाच दिवस सगळं छान. सहाव्या दिवशी ताप आला, पोट फुगलं. जोड सुटला होता. पुन्हा पोट उघडलं, पू धुतला, शौचाची पिशवी लावली. मग आयसीयू, मग न्यूमोनिया. अशा माणसाच्या महाधमनीत कोणीही कृत्रिम नळी घालायला धजत नाही, कारण रक्तात जंतू फिरत असले की ते नेमके त्या नळीवर जाऊन बसतात. फुगा चार महिने तसाच राहिला. तो फुटला नाही, रुग्ण पुढे व्यवस्थित झाला. पण त्या चार महिन्यांत त्याला खोकल्याची उबळ आली की आमच्या पोटात गोळा यायचा. आतड्याचा जोड सुटणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, कितीही चांगल्या हातांतून शंभरात काही जोड सुटतातच. शिवाय गाठीभोवतीच्या लसिका ग्रंथींमध्ये कॅन्सर निघाला तर तीन ते सहा महिने केमो. म्हणजे 'फुगा नंतर बघू' मधला 'नंतर' सहज आठ महिन्यांवर जातो. आठवड्याच्या हिशोबात क्षुल्लक वाटणारी जोखीम आठ महिन्यांच्या हिशोबात क्षुल्लक राहत नाही.

पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर फुगा फुटण्याची शक्यता वाढते असंही सर्जन लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत. जखम भरताना शरीरात कोलॅजनची मोडतोड वाढते आणि धमनीची भिंत आणखी कमकुवत होते, असा त्यामागचा तर्क. पुरावा दोन्ही बाजूंनी आहे, आणि मी माझा निर्णय त्यावर उभा करत नाही. जोड सुटण्याचं कारण मला पुरेसं आहे.

'दोन्ही एकदम' हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता. महाधमनीचा फुगा काढून तिथे नळी बसवण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्ट यांनी केलं. त्यानंतर चाळीस वर्षं एकच रस्ता होता: छातीच्या खालून ओटीपोटापर्यंत पोट उघडायचं, महाधमनीला चिमटा लावायचा, डॅक्रॉनची नळी शिवायची. एवढं मोठं ऑपरेशन एकाच माणसावर दीड महिन्यात दोनदा करण्यापेक्षा एका भुलीत दोन्ही उरकावं असं वाटणं स्वाभाविक होतं. आधी नळी, तिच्यावर पोटाचं मागचं आवरण नीट शिवून झाकायचं, चरबीची झालर पांघरायची, मग आतडं. मी अशी ऑपरेशनं पाहिली आहेत, काहींत हात धुऊन उभाही राहिलोय. पण मोठं आतडं उघडणं म्हणजे जंतूंचं कोठार उघडणं, आणि हातभर अंतरावर नुकतीच शिवलेली कापडी नळी. त्या नळीला जंतुसंसर्ग झाला की पुढचं सगळंच कठीण: नळी काढावी लागते, पायांना रक्त दुसऱ्या वाटेने न्यावं लागतं, आणि त्यातून बरेच रुग्ण वाचत नाहीत. हे क्वचित होतं, पण होतं तेव्हा कॅन्सर परवडला म्हणायची वेळ येते.

ही कोंडी सुटली ती पोट न उघडता फुगा दुरुस्त करता यायला लागल्यावर. सप्टेंबर १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसला हुआन पारोदी यांनी मांडीच्या धमनीतून तारेच्या जाळीला शिवलेली नळी वर सरकवून फुग्याच्या आत बसवली. आज त्यालाच एव्हार म्हणतात. दोन्ही जांघांत छोटी छिद्रं, दीड-दोन तास, पाठीत भूल किंवा नुसती जागेवरची भूल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी. फुगा तिथेच राहतो, पण रक्त नळीतून जातं आणि भिंतीवरचा दाब उतरतो. आपल्या प्रश्नात याचं खरं मोल एवढंच, की आतड्याचं ऑपरेशन चार-सहा आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांवर येतं. युरोपच्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हाच क्रम आहे: कॅन्सरसोबत मोठा किंवा त्रास देणारा फुगा असेल तर आधी एव्हार, मग कमीत कमी विलंबाने कॅन्सरचा उपचार. त्याच पानावर दुसरंही लिहिलंय, जे लोक विसरतात: कॅन्सर आहे किंवा केमो द्यायचीय म्हणून छोट्या फुग्याला हात लावू नका. ५.५ ची रेघ कॅन्सरमुळे खाली येत नाही.

इथपर्यंतचं तुम्हाला दोघांपैकी कोणीही सर्जन समजावून सांगेल. आता जे सांगतोय ते दोघांच्या मधल्या फटीत पडतं, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

महाधमनीच्या पुढच्या भिंतीतून, साधारण बेंबीच्या पातळीला, एक बारीक धमनी निघते. तिचं नाव इन्फिरियर मेसेंटेरिक, आम्ही आयएमए म्हणतो. डावं आतडं, सिग्मॉइड आणि गुदाशयाचा वरचा भाग तिच्यावर जगतो. ती बहुतेक वेळा नेमकी फुग्यातूनच निघते. एव्हारची नळी बसली की तिचं तोंड झाकलं जातं. आणि सिग्मॉइडच्या कॅन्सरमध्ये मी जे करतो तेही तिच्याशीच निगडित: तिच्या मुळाशी गाठ मारून तिच्याकाठच्या ग्रंथी आतड्यासकट काढायच्या. म्हणजे एक सर्जन ती आतून बंद करतो आणि दुसरा बाहेरून बांधतो. दोन आजार, पण नळ एकच.

तरी आतडं काळं का पडत नाही? कारण पर्यायी वाटा असतात. वरून सुपिरियर मेसेंटेरिक धमनीची मधली फांदी येते आणि आतड्याच्या कडेने धावणाऱ्या धमनीतून डावीकडे रक्त पोचवते. खालून कमरेतल्या दोन अंतर्गत इलियाक धमन्या गुदाशयाला रक्त देतात. शेताला मुख्य कालव्याचं पाणी बंद झालं तरी वरच्या आणि खालच्या पाटातून भिजत राहावं तसं. प्रश्न एवढाच, की हे पाट चालू आहेत का, हे ऑपरेशनच्या आधी कोणी पाहिलंय का?

पाहायच्या गोष्टी सीटी अँजिओवर, म्हणजे धमन्यांच्या सीटीवर, दिसतात. सुपिरियर मेसेंटेरिकच्या तोंडाशी चुन्याचा थर आहे का? बिडी-सिगारेट ओढलेल्या माणसात असतो, आणि फुगेवाल्या रुग्णांत न ओढलेला विरळाच. अंतर्गत इलियाक दोन्ही चालू आहेत का? फुगा इलियाकपर्यंत उतरला असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनला एखादी बंद करावी लागते. डाव्या बाजूचा कॅन्सर असताना मी त्यांना हात जोडून सांगतो की निदान एक तरी वाचवा, लागलं तर फांदीवाला ग्राफ्ट वापरा. तिसरी गोष्ट अशी की, फुग्यातल्या गुठळीने आयएमए आधीच बंद झालेली असते, असं पुष्कळदा निघतं. ऐकायला हे बरं वाटतं, झाकली तरी फरक नाही. पण मग डावं आतडं कुठल्या तरी एका जाड, वळणावळणाच्या पर्यायी धमनीवर जगत असतं. ती सीटीवर गांडुळासारखी दिसते. ती कुठून जाते हे मला ठाऊक नसेल, तर आतडं मोकळं करताना मी ती सहज कापून बसेन, आणि जोडाच्या वरचं आतडं तिसऱ्या दिवशी मरेल. एकदा आदल्या रात्री चित्रं पुन्हा चाळताना मला ती दिसली. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नव्हता. ऑपरेशनचा आराखडा मी रात्रीच बदलला.

म्हणून एव्हार झालेल्या रुग्णाचं आतडं जोडताना मी कापलेल्या टोकातून लाल रक्ताची चिळकांडी येते का हे बघतो, आणि सोय असेल तर आयसीजीचा हिरवा रंग शिरेतून देऊन खास कॅमेऱ्याखाली रक्तपुरवठा तपासतो. शंका आली तर आणखी वरून कापतो. तरीही शंका राहिली तर जोडत नाही, पिशवी लावतो. पिशवी नंतर काढता येते. आयएमए बांधताना ती फुग्याच्या भिंतीला लागून बांधत नाही, सेंटिमीटरभर अंतर ठेवतो. यात एक फायदाही होतो. एव्हारनंतर कधी कधी याच धमनीतून रक्त उलटं फुग्यात झिरपत राहतं, दुसऱ्या प्रकारचा एंडोलीक म्हणतात त्याला. कॅन्सरसाठी ती बांधली की झिरपण्याची ती वाट आपोआप बंद.

उजव्या बाजूची गाठ असेल तर हे सगळं सोपं होतं, कारण तिथे आयएमएचा संबंध नाही. अपवाद एकच: गाठ आडव्या आतड्याजवळ असून मधली फांदीही कापावी लागणार असेल तर. आयएमए झाकलेली आणि वरचा पाटही तोडला, तर उरलेलं डावं आतडं फक्त खालच्या पाण्यावर राहतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये बहुधा आधी रेडिएशन असतं, काही आठवडे चालणारं, त्यामुळे फुग्याला सवडीने जागा मिळते.

एव्हार प्रत्येकाला बसत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली नळीला पकड घ्यायला साधारण दीड सेंटिमीटर धड, फार वाकडी नसलेली मान, म्हणजे फुग्याच्या वरचा न फुगलेला भाग, लागते, आणि नळी वर जायला इलियाक पुरेशा रुंद लागतात. मान आखूड असेल तर मूत्रपिंडाच्या धमन्यांसाठी खिडक्या असलेला ग्राफ्ट मोजमाप देऊन बनवून घ्यावा लागतो. त्यात आठवडे जातात. तेवढा वेळ गाठीला द्यायचा की पोट उघडून फुगा करायचा, की आधी आतडं करायचं, हे तिथे रुग्ण बघूनच ठरतं. पोट उघडून फुगा केला तर मी आतड्यासाठी चार ते सहा आठवडे थांबतो. खर्चाचंही बोलायला हवं: नुसता ग्राफ्टच काही लाखांच्या घरात जातो. महात्मा फुले योजनेत किंवा विम्यात काय बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आणि टीपीए डेस्कला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर राहू नका.

मधले दोन आठवडे नुसते थांबायचे नसतात. एव्हारमध्ये धमन्या चित्रात दिसाव्यात म्हणून धमनीतून डाय देतात, तो मूत्रपिंडांना जड पडतो. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी आणि आतड्याच्या ऑपरेशनआधी बघायचं, कारण पोट साफ करायच्या औषधाने अंगातलं पाणीही कमी होतं. पहिल्या काही दिवसांत पातळ, रक्ताचे जुलाब आणि डाव्या कुशीत दुखणं सुरू झालं तर ते गाठीचं रक्त समजून घरी बसायचं नाही. आतड्याला रक्त कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. तीन महिने रक्त गेलंय, हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या आसपास असेल तर शिरेतून लोह देऊन बघा, रक्त चढवायची वेळ टळू शकते. बिडी आजपासून बंद. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र मिळतं, त्यातून दर तासाला श्वास आत ओढायचा. ॲस्पिरिन सुरू केली असेल तर दुसऱ्या ऑपरेशनसाठी ती परस्पर बंद करू नका. ती चालू ठेवून आम्ही ऑपरेशन करतो.

घाईच्या दोन बाबतींत हा सगळा बेत बदलतो. गाठीने आतडं बंद झालं, फुटलं, किंवा रक्त थांबेना, तर फुगा कितीही मोठा असो, आधी आतडं. त्या वेळी शक्य तेवढं छोटं काम करायचं, पिशवी लावायची आणि बाहेर पडायचं. पिशवी जांघेपासून लांब, एवढं फक्त सांभाळायचं, एव्हार तिथूनच व्हायचंय. आणि पाठीत किंवा पोटात अचानक जोराची कळ आली, फुग्यावर दाबल्यावर दुखायला लागलं, तर सगळं बाजूला ठेवून त्याच रात्री फुगा.

दोन औषधांबद्दल सांगतो, कारण ती लिहिणाऱ्याला बाबांचा फुगा माहीत नसतो. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन. आपल्याकडे जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की केमिस्टही देतो. या गटाने महाधमनी फाटण्याचा धोका वाढतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये इशारा दिला आहे. फुगा असलेल्या माणसाला दुसरा पर्याय असेल तर ही देऊ नयेत. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहा. दुसरं औषध केमोबरोबर कधी कधी दिलं जाणारं बेव्हासिझुमॅब; त्याच्या माहितीपत्रकातही धमनीच्या फुग्याबद्दल इशारा आहे, म्हणून ऑन्कॉलॉजिस्टना एव्हारबद्दल आपण होऊन सांगा. पसरलेल्या कॅन्सरमध्येच ते वापरतात, त्यामुळे बाबांच्या बाबतीत बहुधा प्रश्न येणार नाही.

पुढची काही वर्षं दोन्ही आजारांसाठी सीटी लागेल. दोन विभाग दोन वेळा डाय देऊन दोन सीटी काढतात, हे मी नेहमी बघतो. रेडिऑलॉजिस्टना आधी सांगितलं तर एकाच बैठकीत धमनीचीही चित्रं मिळतात आणि यकृताचीही.

बाबा 'काहीच नको' म्हणतात त्याचं काय? त्यांना दोन मोठी ऑपरेशनं दिसताहेत. पहिल्यात पोट उघडत नाहीत हे त्यांना कोणी नीट सांगितलंय का, ते बघा. एव्हार झालेल्या एखाद्या माणसाशी त्यांची पाच मिनिटं गाठ घालून दिली तर माझ्या तासाभराच्या समजावण्यापेक्षा जास्त काम होतं. तरीही नको म्हणाले, तर तो त्यांचा अधिकार आहे. पण नकार गाठीला आहे, फुग्याला आहे की पिशवीला, हे वेगवेगळं विचारा. बहुतेकदा तो पिशवीला असतो.

आता करायचं काय, तर दोन्ही सर्जनची वेळ एकाच दिवशी मागा, आणि जाताना सीटीचा रिपोर्ट नव्हे, सीडी न्या. चार गोष्टी विचारा: मान एव्हारला पुरेशी आहे का, आयएमए चालू आहे की बंद, अंतर्गत इलियाक दोन्ही वाचणार का, आणि आतड्याची तारीख एव्हारच्या आधीच ठरवून मिळेल का. शेवटचा प्रश्न विसरू नका. एव्हार झाल्यावर 'आता आराम करा, बघू' म्हणत महिना गेलेले रुग्ण माझ्याकडे येतात. आणि तुम्ही चाळिशी ओलांडली असेल तर स्वतःच्या कोलोनोस्कोपीचं त्याच भेटीत विचारून घ्या. पन्नाशीच्या पुढे असाल तर पोटाची एक साधी सोनोग्राफीही. फुगा भावंडांत आणि मुलांत सापडतो, आणि ती तपासणी दहा मिनिटांची आहे.